टायमिंग बेल्ट बसवताना कॅमशाफ्टचे टायमिंग

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो. हवा आत घेणे, ती दाबणे, इंधन जळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टन दोन फेऱ्यांत उरकतो आणि तेवढ्या वेळात प्रत्येक वॉल्व्हला एकदाच उघडायचे असते. म्हणून कॅम पुलीवर क्रँक पुलीच्या बरोबर दुप्पट दात असतात. क्रँकला २० असतील तर कॅमला ४०. या दोन पुल्यांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो नुसती ताकद पोहोचवत नाही. पिस्टन नेमका कुठे असताना कोणता वॉल्व्ह उघडावा, हे नाते तो टिकवून धरतो. अल्टरनेटरचा बेल्ट पुलीवर थोडा घसरला तरी गाडी चालते, टायमिंग बेल्टला मात्र एका दाताचीही सूट नाही.

एका दाताची किंमत हिशेबाने सांगता येते. २० दातांच्या क्रँक पुलीवर एक दात म्हणजे १८ अंश. ४० दातांच्या कॅम पुलीवर तोच दात ९ अंशांचा होतो, पण कॅम अर्ध्या वेगाने फिरत असल्यामुळे क्रँकच्या मापात तोही १८ अंशच भरतो. साध्या पेट्रोल इंजिनात इनलेट वॉल्व्ह पिस्टनने तळ गाठल्यानंतर साधारण ४५ अंशांनी बंद होतो. तोवर पिस्टन वर चढू लागलेला असतो आणि त्याच्या धावेचा सुमारे नववा भाग दाबाविना गेलेला असतो. कॅम एका दाताने मागे राहिला तर हाच वॉल्व्ह ६३ अंशांवर बंद होतो आणि धावेचा जवळजवळ पाचवा भाग फुकट जातो. आत आलेली काही हवा उलट इनटेकमध्ये ढकलली जाते, कॉम्प्रेशन उतरते आणि गाडी घाटात दम टाकू लागते. हे झाले एका दाताचे. दोन-तीन दातांची चूक झाली, तर अनेक इंजिनांत उघडा वॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात. अशा इंजिनात दोघांची जागा एकच असते. ते वेगवेगळ्या वेळी तिथे येतात, एवढीच त्यांची सुरक्षितता. वेळ चुकली की वॉल्व्ह वाकतात आणि बेल्टचे काम हेड खोलण्याच्या कामात बदलते.

अ‍ॅम्बॅसडर किंवा पद्मिनीच्या पिढीत हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच, क्रँकच्या शेजारी असे आणि वॉल्व्ह पुशरॉडने उघडत, त्यामुळे लहानशी साखळी पुरे. कॅमशाफ्ट हेडवर गेला तसे अंतर वाढले आणि हलक्या, आवाज न करणाऱ्या, तेल न लागणाऱ्या दातेरी बेल्टची सोय झाली. जर्मनीतील ग्लास कंपनीने १९६२ मध्ये बाजारात आणलेली १००४ ही असा बेल्ट वापरणारी पहिली उत्पादित मोटार. १९६६ मध्ये फियाटच्या १२४ स्पोर्ट गाडीत ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी रचलेल्या दोन कॅमच्या इंजिनाने तो सर्वदूर नेला. आपल्याकडे मारुती ८००, जुनी झेन, एस्टीम, सँट्रो, डिझेल इंडिका, डस्टरचे दीड लिटर डिझेल, चाकणला जुळलेल्या पोलोची डिझेल इंजिने ही सारी बेल्टवाली. रांजणगावात बनलेले फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट मात्र साखळीवर चालते. हाताखालची गाडी कोणत्या जातीची आहे, हे बोनेट उघडण्याआधीच नक्की करावे. काही इंजिनांत, उदाहरणार्थ इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बो पेट्रोलमध्ये, बेल्ट तेलातच बुडून चालतो. त्याचे रबर आणि त्याची रीत वेगळी आहे. पुढील विवेचन कोरड्या बेल्टचे आहे.

तयारी

त्या इंजिनाचे वर्कशॉप मॅन्युअल हे पहिले हत्यार. खुणा कुठे आहेत, टेन्शनर कोणत्या बाजूला फिरवायचा, कोणता बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, हे प्रत्येक इंजिनाचे आपापले असते. एका गाडीवर पक्के बसलेले ज्ञान दुसऱ्या गाडीवर चालेलच असे नाही. फिरण्याची दिशाही गृहीत धरू नये. बहुतेक इंजिने टायमिंगच्या बाजूने पाहिली असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पण होंडाची जुनी डी-मालिका, म्हणजे १९९८ पासून इथे विकली गेलेली पहिली होंडा सिटी, उलट फिरते.

इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. तापलेले अ‍ॅल्युमिनियम प्रसरण पावते, पुल्यांमधले अंतर वाढते आणि गरम इंजिनावर नीट वाटलेला ताण थंड झाल्यावर सैल पडतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी, म्हणजे चुकूनही स्टार्टर फिरणार नाही. गिअर न्यूट्रलमध्ये असावा. बऱ्याच गाड्यांत बेल्टच्या वाटेत इंजिनचे माउंटिंग येते. ते सोडण्यापूर्वी सम्पखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यावा. स्पार्क प्लग काढले की कॉम्प्रेशन उरत नाही आणि क्रँक हाताने सावकाश, हवा तिथे थांबवता येतो. प्लगच्या भोकांत काही पडू नये म्हणून त्यांवर स्वच्छ फडके टाकावे.

क्रँक नेहमी क्रँकच्याच बोल्टवर पाना लावून आणि नेहमीच्या दिशेनेच फिरवावा. कॅमच्या बोल्टवरून इंजिन फिरवण्याची सवय घातक आहे. त्यात बेल्टची चुकीची बाजू ताणली जाते आणि जुना बेल्ट तिथेच दात उडी मारू शकतो.

नुसता बेल्ट बदलणे ही खोटी काटकसर आहे. टेन्शनर, आयडलर आणि टायमिंग बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंप ही एकाच वयाची मंडळी. यांतल्या एखाद्याचे बेअरिंग जाम झाले तर नवा बेल्टही तासाभरात जातो. कॅम आणि क्रँकच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर तेही याच वेळी बदलावे, कारण तेल आणि कूलंट हे कोरड्या बेल्टच्या रबराचे वैरी आहेत. नवा बेल्ट मुडपू नये, उलटा करू नये, खिळ्यावर तीव्र वळण देऊन टांगू नये. त्याच्या आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात आणि एकदा तुटलेला तंतू बाहेरून दिसत नाही.

खुणा काय सांगतात

टायमिंगच्या खुणा जोडीने येतात. एक खूण पुलीवर असते, तर तिची जोडीदार इंजिनच्या न फिरणाऱ्या भागावर. सुझुकी घराण्यातल्या जुन्या इंजिनांत क्रँकच्या दातेरी पुलीवरचे टिंब ऑइल पंपाच्या केसिंगवरच्या बाणासमोर आणायचे असते आणि कॅम पुलीवरची खूण आतल्या कव्हरवरच्या खाचेसमोर. शिकाऊ माणूस इथे दोन चुका करतो. पहिली, बाहेरच्या मोठ्या पुलीवरची खूण प्रमाण मानणे. ती पुली पुष्कळदा दोन कड्यांची असते आणि मधल्या रबराने चिकटवलेली असते. रबर जुने झाले की बाहेरचे कडे फिरते आणि त्यावरची खूणही त्याच्याबरोबर सरकते. खरी खूण क्रँकवरच्या दातेरी पुलीची किंवा फ्लायव्हीलची. दुसरी चूक म्हणजे खूण तिरकी पाहणे. डोळा पुलीच्या मध्याच्या रेषेत नसेल, तर अर्ध्या दाताचा फसवा फरक दिसतो. वाकून आरशात पाहणे भाग पडले तर आरसा आणि खूण एका पातळीत ठेवावी.

प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टनचा माथा चाचपण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते. पिस्टन वर येतो आहे की खाली जातो आहे, एवढेच तिने कळते. माथ्याजवळ क्रँक फिरत राहतो आणि पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो. मारुती ८०० च्या इंजिनात पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर आहे. माथ्यापासून ५ अंश दूर असताना हा पिस्टन पाव मिलिमीटरसुद्धा उतरलेला नसतो आणि पूर्ण एक दात, म्हणजे १८ अंश दूर गेला तरी जेमतेम सव्वादोन मिलिमीटर उतरतो. हाताला हा फरक कळत नाही. खुणेबद्दलच शंका असेल तर डायल गेज लावावा. माथ्याच्या अलीकडे आणि पलीकडे पिस्टन सारखाच उतरलेला असेल असे दोन बिंदू घ्यावेत, त्यांच्या बरोबर मधोमध खरा टॉप डेड सेंटर असतो.

'पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा' ही सूचनाही नीट समजून घ्यावी. बेल्ट चढलेला असेपर्यंत तिला अर्थ आहे. बेल्ट उतरला की क्रँकला कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्ट यांतला भेद कळत नाही. पिस्टन माथ्यावर आहे, एवढेच तो सांगतो. तो माथा कोणत्या फेऱ्याचा, हे कॅम ठरवतो. त्यामुळे बेल्ट तुटून आलेल्या गाडीत क्रँकची खूण एकदा जुळल्यावर 'फेरा चुकला असेल' म्हणून क्रँक पुन्हा एक पूर्ण फेरा फिरवण्यात काही साधत नाही. कॅमची खूण जागेवर आणली की फेरा आपोआप ठरतो. कॅमच्या टोकावरून चालणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर तोही कॅमबरोबरच जातो. तो काढलेला असेल तर रोटर कोणत्या प्लगच्या तारेकडे पाहतो, हे मात्र वेगळे तपासावे लागते.

आधुनिक इंजिनांत खुणांऐवजी पिना असतात. ब्लॉकवरचा एक लहान प्लग काढून त्या जागी पिन आट्यांवर फिरवून बसवायची आणि क्रँक तिला अलगद टेकवायचा. कॅम पुलीच्या भोकातून दुसरी पिन थेट हेडमधल्या भोकात जाते, किंवा कॅमच्या मागच्या टोकाच्या खाचेत पट्टी बसते. पिन बोटांनी सहज आत जायला हवी. ठोकावी लागत असेल तर जागा चुकली आहे. आणखी एक नियम मोडला जातो आणि महागात पडतो, तो हा की पिन जागा दाखवण्यासाठी आहे, जोर पेलण्यासाठी नाही. क्रँकचा किंवा कॅमचा बोल्ट सोडताना आणि आवळताना पुलीला वेगळ्या हत्याराने धरावे. पिनवर भार टाकला तर पिन वाकते किंवा कास्टिंग फुटते आणि वाकलेली पिन पुढच्या प्रत्येक गाडीचे टायमिंग बिघडवते.

बेल्ट उतरलेला असताना

जुना बेल्ट काढण्यापूर्वी सगळ्या खुणा जुळवून ठेवाव्यात आणि फोटो काढून ठेवावा. मग टेन्शनर सैल केला की बेल्ट निघतो. त्या क्षणी कॅम थोडा फिरला तर दचकू नये. वॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमच्या उंचवट्याला ढकलत असतात आणि मोकळा झालेला कॅम सोयीच्या जागी जाऊन बसतो. दोन कॅमच्या इंजिनात हे जास्त झटक्याने होते, म्हणून तिथे कॅम लॉक असणे जवळजवळ अनिवार्य आहे.

बेल्ट नसताना क्रँक आणि कॅम यांपैकी काहीही मनमानी फिरवणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका. पिस्टन माथ्यावर असताना कॅम फिरवला तर हाताच्या जोरानेही वॉल्व्ह वाकू शकतो. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात सोपा उपाय आहे. क्रँक माथ्यापासून पाव फेरा, म्हणजे ९० अंश मागे न्यावा. दोन पिस्टन ९० वर आणि दोन २७० वर येतात, चारही सारख्या उंचीवर आणि निम्म्याहून अधिक खाली. आता कॅम हवा तसा फिरवून खुणेवर आणावा आणि मगच क्रँक परत त्याच वाटेने माथ्यावर आणावा.

तीन सिलिंडरच्या इंजिनात ही युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे क्रँकचे हात १२० अंशांवर असतात. पाव फेरा फिरवला तर एखादा पिस्टन माथ्यापासून ३० अंशांवरच येतो. तीन पिस्टनांना एकदम जास्तीत जास्त दूर ठेवायचे तर ६० अंश फिरवावे लागते. मारुती ८०० च्या इंजिनात तेव्हा वरचे दोन पिस्टन सुमारे २२ मिलिमीटर खाली असतात आणि तिसरा तळाला. वॉल्व्हच्या उघडझापेला एवढी जागा भरपूर होते. याच इंजिनात रॉकर आर्मचे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करण्याचीही सोय आहे. तसे केले की वॉल्व्ह उघडतच नाहीत, कॅम हलका फिरतो आणि स्प्रिंगांच्या ढकलीने खुणेवरून निसटतही नाही. बेल्ट बसल्यावर टॅपेट पुन्हा सेट करावे लागतात, पण ते काम सर्व्हिसिंगमध्ये एरवीही करायचेच असते.

बेल्ट चढवणे

कामाचा गाभा इथे आहे, आणि बहुतेक चुकाही इथल्याच. क्रँक बेल्टला ओढतो आणि बेल्ट कॅमला. क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताची बाजू ओढली जाते. ती ताणाची बाजू. डावी बाजू सैल, आणि टेन्शनर नेहमी त्याच बाजूला असतो. टायमिंग ठरते ते ताणाच्या बाजूने. त्या बाजूला क्रँक आणि कॅम यांच्यात जितके दात अडकले, तितकेच नाते. सैल बाजूला उरलेली ढील टेन्शनर खाऊन टाकतो. ताणाच्या बाजूला ढील राहिली, तर खुणा जुळलेल्या दिसूनही टायमिंग चुकलेले असते. इंजिन पहिला पाव फेरा फिरताच आधी ती ढील संपते आणि मग कॅम हलतो, म्हणजे कॅम कायमचा मागे पडतो.

म्हणून बेल्ट क्रँकपासून सुरू करावा आणि घड्याळाच्या उलट दिशेने चढवत न्यावा: क्रँक, मग ताणाची बाजू सरळ, ताठ ठेवत वाटेत आयडलर किंवा पंप असेल तर तो, मग कॅम, आणि शेवटी सैल बाजूला टेन्शनर. उलट फिरणाऱ्या इंजिनात हा क्रमही उलटा. बेल्टवर दिशेचा बाण छापलेला असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा.

पुष्कळदा असे होते की ताणाची बाजू ताठ ठेवली तर बेल्टचा दात कॅम पुलीच्या खाचेत नेमका बसत नाही, अर्धा दात अलीकडे किंवा पलीकडे पडतो. बेल्टच्या दातांमधले अंतर सहसा ८ किंवा ९.५२५ मिलिमीटर असते, म्हणजे अर्धा दात म्हणजे चार-पाच मिलिमीटर. अशा वेळी कॅम पुली बोल्टवर पाना लावून थोडीशी, अर्ध्या दातापुरती घड्याळाच्या दिशेने पुढे न्यावी, दात खाचेत बसवावा आणि पुली हळूच मागे आणून ताणाची बाजू ताठ करावी. ताठ झाल्यावर खूण जागेवर आली तर दात बरोबर आहे. खूण एक दात पुढे किंवा मागे दिसली तर बेल्ट एका दाताने हलवून पुन्हा तेच. स्क्रूड्रायव्हरने बेल्ट पुलीवर ढकलू नये. बोटांनी जात नसेल तर टेन्शनर पुरता मागे नेलेला नाही, किंवा बेल्ट चुकीचा आला आहे.

दोन कॅमच्या इंजिनात ताणाच्या बाजूची गोष्ट दोनदा घडते: क्रँक ते पहिला कॅम, आणि पहिला कॅम ते दुसरा. दोन्ही तुकडे ताठ हवेत. काही इंजिनांत पुलीला चावी नसते. पुली कॅमवर नुसती बोल्टच्या दाबाने धरलेली असते, किंवा तिची भोके लांबट असतात. तिथे कॅम पिनने किंवा पट्टीने धरून पुलीचा बोल्ट थोडा सैल ठेवतात, बेल्टला ताण देतात आणि पुली आपोआप बेल्टप्रमाणे जागा घेते. मग ती वेगळ्या हत्याराने धरून बोल्ट आवळतात. दाताची अर्धवट अडचण या रचनेत उरत नाही, पण बोल्ट आवळायला विसरले तर पुली घसरते. म्हणून आवळलेल्या बोल्टवर रंगाचा ठिपका द्यावा. वॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या पुल्या असतील तर त्या आरामाच्या जागी, आतून लॉक झालेल्या आहेत याची खात्री आधी करावी.

डिझेलमध्ये तिसरा भागीदार येतो, तो इंजेक्शन पंप. जुन्या रोटरी पंपाच्या इंजिनात डिझेल कधी फवारायचे हे पंपाच्या फिरण्यावर ठरते, त्यामुळे पंपाची खूण किंवा पिन कॅमइतकीच कडक. कॉमन रेलमध्ये फवारण्याची वेळ संगणक ठरवतो आणि पंप फक्त दाब तयार करतो. तरीही मॅन्युअलमध्ये पंपाच्या पुलीला खूण दिलेली असेल तर ती पाळावी.

ताण

स्प्रिंगच्या साध्या टेन्शनरमध्ये बोल्ट सैल ठेवून स्प्रिंगलाच ताण ठरवू देतात, क्रँक दोन फेरे फिरवतात आणि मगच बोल्ट आवळतात. उत्केंद्री (एक्सेंट्रिक) रोलर असलेल्या आधुनिक टेन्शनरवर काटा आणि खाच असते. रोलर अ‍ॅलन कीने दाखवलेल्या दिशेने फिरवून काटा खाचेसमोर आणायचा आणि तिथेच धरून बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचा. उलट दिशेने फिरवलेला रोलरही बेल्ट ताणलेला दाखवतो, पण काही दिवसांत सुटतो. हायड्रॉलिक टेन्शनर दाबायचा असेल तर तो व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबावा, पिन घालावी आणि बेल्ट बसल्यावर पिन काढावी. सर्वांत लांब सरळ भाग अंगठा आणि बोटाने ९० अंश पिळून पाहण्याची जुनी चाचणी हाताने लावायच्या टेन्शनरपुरती ठीक. आपोआप ताणणाऱ्या टेन्शनरला तो निकष लावू नये. जास्त ताणलेला बेल्ट वेगाबरोबर चढणारी शिट्टी घालतो आणि वॉटर पंपाचे बेअरिंग खातो. सैल बेल्ट कव्हरवर फटफटतो आणि एखाद्या थंड सकाळी स्टार्टरच्या पहिल्याच झटक्यात दात सोडतो.

दोन फेऱ्यांची परीक्षा

पिना, पट्ट्या, लॉक सगळे काढावे. मग क्रँक हाताने, नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा खुणेवर आणावा. दोनच का, तर तेवढ्यात कॅमचा एक फेरा पुरा होतो आणि दोन्ही खुणा पुन्हा एकदम जुळायला हव्यात. एका फेऱ्यानंतर कॅमची खूण तळाला दिसते, ती चूक नव्हे. फिरवताना कुठे कडक, धातूवर धातू टेकल्यासारखे वाटले तर तिथेच थांबावे. जोर लावून पुढे नेणे म्हणजे वॉल्व्ह वाकवणे. बेल्ट उतरवून मूळ जागेपासून पुन्हा सुरुवात करावी.

खूण ओलांडून क्रँक पुढे गेला तर तो जरासा मागे आणून खूण जुळवू नये. मागे आणताना ताणाची बाजू ढिली पडते आणि खूण खोटी दिसते. आणखी दोन फेरे फिरवून नेहमीच्या दिशेनेच खुणेवर यावे. दोन फेऱ्यांनंतर टेन्शनरचा काटाही पुन्हा पाहावा. बेल्ट खाचांत बसल्यावर तो बहुधा किंचित हलतो, तेव्हा ताण नव्याने लावून दोन फेऱ्यांची परीक्षा पहिल्यापासून घ्यावी.

जुन्या बेल्टवर रंगाच्या खुणा करून त्या नव्या बेल्टवर दात मोजून उतरवण्याची रीत उपयोगी आहे, पण तिच्यामुळे एक घबराट नेहमी होते. दोन फेऱ्यांनंतर पुल्यांच्या खुणा जुळतात आणि बेल्टवरचा रंग भलतीकडेच गेलेला असतो. तो जाणारच. बेल्टला समजा १०७ दात आहेत आणि क्रँकला २०. दोन फेऱ्यांत ४० दात पुढे जातात, १०७ नव्हे. कॅमच्या ४० दातांसह रंग, क्रँक आणि कॅम तिघे पुन्हा एकत्र येण्यासाठी क्रँकचे २१४ फेरे व्हावे लागतात. बेल्टवरचा रंग चढवण्याच्या क्षणापुरता. त्यानंतर साक्ष पुलीच्या खुणांचीच.

क्रँक पुलीचा बोल्ट शेवटी. अनेक इंजिनांत तो आधी ठरलेल्या टॉर्कने आणि नंतर ठरलेल्या अंशांनी आवळायचा असतो. असा बोल्ट ताणला जाऊन काम करतो, म्हणून दर वेळी नवा वापरावा. चावी नसलेल्या क्रँक पुलीत पूर्ण टायमिंगच या बोल्टच्या आवळण्यावर उभे असते, तेव्हा तिथे तेलाचा थेंबही राहता कामा नये.

चुकले असेल तर

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी प्लग न लावता स्टार्टर काही सेकंद फिरवून आवाज ऐकावा. लय सारखी हवी. मग प्लग लावून सुरू करावे. टायमिंग एका दाताने मागे असेल तर इंजिन सुरू होते, पण ओढ कमी आणि आयडल थरथरता असतो. पुढे असेल तर खालच्या वेगाला कधीकधी ओढ बरी वाटते आणि वेग वाढला की श्वास अडतो. कॅमवरून चालणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर इग्निशनही तेवढेच सरकते. टायमिंग लाइटने ते सुधारून गाडी 'ठीक' केली जाते आणि मूळ चूक झाकली जाते. नव्या गाड्यांत क्रँक आणि कॅमचे सेन्सर एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि फरक सापडला की पी००१६ हा कोड लागतो. बेल्टच्या कामानंतर लगेच हा कोड आला तर सेन्सर बदलत बसू नये, कव्हर उघडून खुणा पाहाव्यात.

कॉम्प्रेशन गेजने हा निदानभेद स्वच्छ होतो. सगळ्या सिलिंडरांत सारखेच कमी कॉम्प्रेशन म्हणजे बहुधा टायमिंग. एखाद्याच सिलिंडरमध्ये शून्याजवळ म्हणजे वाकलेला वॉल्व्ह. बेल्ट तुटून आलेल्या गाडीत नवा बेल्ट बसवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी ही तपासणी करावी, म्हणजे हेड खोलायचे की नाही हे मालकाला आधी सांगता येते.

बेल्टची मुदत कंपनीने किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत दिलेली असते आणि यांतले जे आधी येईल ते खरे. कमी चाललेली गाडी उभी राहूनही बेल्टचे रबर म्हातारे करते. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद मिळाली नाही, तर तो बदललेला नाही असेच धरावे. काम संपल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेला कागद वरच्या कव्हरवर चिकटवावा आणि तीच नोंद सर्व्हिस बुकातही करावी.